खाणीला ना हरकत द्यायची की प्लॉटिंगला? आधी टेप काढा

ताई, प्रश्न वेळेत विचारलात, बहुतेक लोक ठराव झाल्यावर विचारतात आणि मग मी तरी काय करणार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो. पुणे जिल्ह्यातलं गाव, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत, रिंगरोडमुळे खडीला प्रचंड मागणी. डोंगराच्या पायथ्याला साडेतीन हेक्टरची दगडखाण आणि क्रशर आधीपासून आहे, मालकाला अजून १.४ हेक्टर वाढवायचंय, तेही गावाच्या बाजूला. ओढ्याच्या अलीकडे सहा एकरात एक पार्टी शंभरेक बंगलो प्लॉट पाडतीये. आणि गावातल्या तीसेक कुटुंबांना घरकुल मंजूर आहे पण जागा नाही. दोन्ही अर्ज एकाच ग्रामसभेत, गाव दोन तट, आणि तुम्ही उपसरपंच म्हणून विचारताय की कोणाला हो म्हणू.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, निवृत्तीनंतरही ग्रामपंचायतींची अशीच कागदपत्रं बघत असतो. माझं उत्तर सरळ आहे, आज कोणालाच हो म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. हे दोन विषय अजेंड्यावर वेगवेगळे आलेत हीच खरी गडबड आहे. खाण आणि प्लॉटिंग हा एकच विषय आहे, मधलं अंतर किती आणि कोण किती वर्षं राहणार एवढाच. विषय क्रमांक ७ ला खाण मंजूर, विषय क्रमांक ८ ला प्लॉटिंग मंजूर, टाळ्या, चहा, आणि पाच वर्षांनी प्लॉटवाले खाणीविरुद्ध आणि खाणवाला प्लॉटवाल्यांविरुद्ध, दोघांच्या हातात तुमच्याच ग्रामपंचायतीचं लेटरहेड. वाघोलीला हेच झालं ना. पुण्याच्या बांधकामाला खडी पुरवणारा तो पट्टा, खाणी आधीच्या, मग नगर रोडला टॉवर उभे राहिले, मग धुळीच्या तक्रारी, आणि २०२१ ला गाव महापालिकेत गेलं तेव्हा निस्तरायला ग्रामपंचायतच उरली नाही.

तर पहिलं काम, गट नकाशा आणा आणि त्याच्यावर तीन रेघा मारा. आजच्या खाणपट्ट्याची, म्हणजे खाणीसाठी मंजूर झालेल्या जमिनीची हद्द, मागितलेल्या वाढीव क्षेत्राची हद्द, आणि गावठाणाची हद्द. अंतर क्रशरच्या मशीनपासून मोजू नका, खाणवाले कायम तिथूनच मोजून दाखवतात कारण मशीन सगळ्यात लांब असतं. पट्ट्याच्या गावाकडच्या कोपऱ्यातल्या खांबापासून मोजा. आणि दुसऱ्या टोकाला शेवटच्या घराच्या भिंतीपाशी पण थांबू नका. महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन, तिथं प्रादेशिक आराखड्यात विकासयोग्य झोन असेल तर, रहिवासासाठी बिनशेती झाली असंच धरतात. म्हणजे आज तिथं ज्वारी असली तरी उद्या घर येणार हे कायद्यानंच मान्य केलंय. आता खाणीचं अंतर बघा, २०२० मध्ये एनजीटीसमोरच्या (राष्ट्रीय हरित लवादासमोरच्या) एका प्रकरणात केंद्रीय प्रदूषण मंडळानं सुरुंग लावणाऱ्या दगडखाणीसाठी वस्तीपासून किमान २०० मीटर आणि सुरुंग नसेल तर १०० मीटर सुचवलं होतं. दोन्ही जोडले की गावठाणापासून ४०० मीटर झाले. मी स्वतः ५०० च्या आत सुरुंगाच्या खाणीला हो म्हणू नका असंच सांगतो, हा माझा हिशोब आहे, कायद्याचा आकडा नाही. तुमच्या वर्णनावरून वाढीव क्षेत्र प्लॉटिंगच्या हद्दीपासून २०० च्या आसपास येतंय, म्हणजे दोघांना हो म्हणायला जागाच नाहीये, भांडण कितीही करा.

आता वेळेचा हिशोब करू, हा कोणीच करत नाही. १.४ हेक्टर म्हणजे १४ हजार चौरस मीटर, समजा सरासरी १५ मीटर खोल गेले तर २ लाख १० हजार घनमीटर खडक. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे जागेवरचा घट्ट खडक ७४ हजार ब्रास, आणि फोडला की दगड फुगतो, दीडपट धरा, १ लाख १० हजार ब्रासच्या आसपास. तुम्ही म्हणता दिवसाला चाळीसेक डंपर जातात, प्रत्येकी ४ ब्रास धरले तर १६० ब्रास रोज, वर्षाचे ३०० दिवस, ४८ हजार ब्रास. म्हणजे ही अख्खी वाढ सव्वादोन वर्षांत संपणार! ज्या वाढीवरून गावात दोन तट पडलेत तिचं आयुष्य ग्रामपंचायतीच्या एका टर्मपेक्षा कमी आहे. खड्डा मात्र कायमचा. आणि प्लॉटवर बांधलेलं घर पन्नास वर्षं उभं राहणार.

म्हणून मी खाणवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारला असता की गावाच्या बाजूलाच का वाढवताय, डोंगराच्या बाजूला का नाही? उत्तर बहुतेक वेळा असं असतं की वरच्या बाजूला वनखात्याची हद्द आहे, किंवा तो गट दुसऱ्या भावकीचा आहे आणि तो देत नाही. पहिलं कारण खरं अडचणीचं आहे. दुसऱ्या कारणासाठी गावानं धूळ का खायची.

आणि आकड्याकडे बघा, ३.५ अधिक १.४ म्हणजे ४.९. हा योगायोग नाही. ५ हेक्टरच्या आतल्या एकट्या गौण खनिजाच्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून पक्कं झालं, पण जनसुनावणी साधारणपणे लागत नाही. म्हणून अर्ज कायम ४.८, ४.९ चे असतात. पण शेजारी ५०० मीटरच्या आत दुसरी खाण असेल तर ती क्लस्टर म्हणून एकत्र मोजतात, आणि २०१८ च्या एनजीटी आदेशानंतर एकत्र क्षेत्र ५ च्या वर गेलं की जनसुनावणीचा मुद्दा येतो. तुम्ही सहज लिहून गेलात की ओढ्यापलीकडे शेजारच्या गावाच्या हद्दीत पण एक क्रशर आहे. फक्त क्रशर आहे की खाणपट्टा पण आहे? हे आजच बघा, कारण जनसुनावणी लागली तर प्रदूषण मंडळाला पेपरात ३० दिवसांची नोटीस देऊन, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या अपर दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर ती घ्यावी लागते आणि तिथं तुमचं म्हणणं रेकॉर्डवर येतं, ग्रामसभेत होतं तसं हवेत जात नाही.

अधिकाराबद्दल पण स्पष्ट असा. तुमचं गाव जुन्नर-आंबेगावच्या वरच्या पट्ट्यासारखं पेसात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्राच्या पंचायत कायद्यात असतं तर गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस १९९६ च्या कायद्यानंच सक्तीची आहे. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे खाणीची परवानगी महसूलची, २०१३ च्या गौण खनिज नियमांखाली, जिल्हाधिकारी आणि त्यांचं खनिकर्म कार्यालय. लेआउट आणि बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची. तुमचा ना हरकत म्हणजे फाइलमधला एक कागद. पण तो फाइलमध्ये मागतात, आणि अटी घालून दिला की त्या अटी पुढच्या साहेबाला वाचाव्या लागतात. एका गावात "ग्रामपंचायतीची काही हरकत नाही" एवढी एकच ओळ दिली होती, ना गट नंबर ना क्षेत्र ना तारीख, आणि त्याच कागदाची झेरॉक्स पुढं दोनदा नूतनीकरणाला लागली. नंतरच्या बॉडीला माहीतच नाही आपण कधी हो म्हणालो.

सभेच्या आधी खाणवाल्याकडून कागद मागा, लेखी मागा. पर्यावरण मंजुरीचं पत्र, मंजूर मायनिंग प्लॅन, प्रदूषण मंडळाची चालू तारखेची संमती, आणि सहामाही अनुपालन अहवाल, तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. यातली पर्यावरण मंजुरीची प्रत तर स्थानिक पंचायतीला द्यायची आणि पंचायतीनं ती बोर्डावर लावायची असते, म्हणजे ती तुमच्या कपाटात असायलाच हवी. नसेल तर आधी ग्रामसेवकांना विचारा, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं त्यांना. जुन्या साडेतीन हेक्टरचे कागद जो देऊ शकत नाही तो नवीन १.४ चे काय पाळणार. आणि जुन्या खाणीची ईटीएस मोजणी झालीय का बघा, म्हणजे मशीननं खड्डा मोजून किती ब्रास काढले आणि किती ब्रासचे पैसे भरले याचा मेळ. मेळ नसेल तर तो कलम ४८(७) चा विषय आहे, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तुम्ही भांडायची गरज नाही, तहसीलदारांना मोजणीची विनंती करणारा ठराव घ्या, बस.

सुरुंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त आरडाओरडा याच्यावर होतो आणि सगळ्यात कमी माहिती पण याच्यावरच असते. भिंतीला तडा गेला की सुरुंगामुळे, असं सरसकट नसतं. काळ्या मातीवर पाया असेल तर ती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते आणि तिरके तडे खाण नसलेल्या गावात पण जातात. खिडक्या वाजतात तो बहुतेक हवेचा धक्का असतो. जमिनीच्या हादऱ्याला मोजमाप आहे, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी मर्यादा दिलीय, ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्याच्या वर १५. जुनी नाजूक वास्तू असेल, तुमच्याकडे ते दगडी देऊळ आहे, तर याहून कमी, २, ५ आणि १०. हे मोजायचं यंत्र भाड्यानं मिळतं, खर्च खाणवाल्यानं करायचा, आणि यंत्र गावातल्या घराच्या पायाशी ठेवायचं, खाणीच्या ऑफिसात नाही. वाढीव क्षेत्रात पहिला सुरुंग लागायच्या आधी जवळच्या घरांचे फोटोसकट पंचनामे करा, असलेले तडे तारीख टाकून नोंदवा. हे केलं नाही तर नंतर कोर्टात काही सिद्ध होत नाही, दोन्ही बाजूंनी. पण खरं भ्या ते उडणाऱ्या दगडाला. माणूस त्यानं मरतो, तड्यानं नाही.

पाण्याचं पण बघा. आपला काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटीत. खाण त्या फटी कापून खाली गेली की पाणी खड्ड्यात उतरतं, पंप लावून ओढ्यात सोडतात, आणि खालच्या विहिरी मार्चलाच तळ दाखवतात. खाणवाला म्हणतो पाऊस कमी, शेतकरी म्हणतो खाण. पाचसहा विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरला मोजून वहीत लिहायला सुरुवात करा, शाळेतली पोरं पण करतील हे काम. आणि यात प्लॉटिंगवाल्याला सोडू नका. शंभर प्लॉट, घरटी पाच माणसं, जलजीवन योजनेच्या माणशी ५५ लिटरनं रोजचे साडेसत्तावीस हजार लिटर झाले, बंगलेवाले ५५ वर भागवत नाहीत ही गोष्ट वेगळी. तो प्रत्येक प्लॉटला बोअर मारा म्हणून सांगून मोकळा होईल. म्हणजे एकाच ओढ्याकाठी वरून खाण पाणी उपसणार आणि खालून शंभर बोअर.

रस्ता. ६ ब्रास भरलेल्या दहा चाकी डंपरचा हिशोब करा, एक ब्रास खडी साधारण साडेचार टन, म्हणजे २७ टन माल, गाडीचं स्वतःचं दहा-अकरा टन, एकूण ३७-३८. परवानगी साधारण २८ टनाची. जास्त वजनानं रस्त्याचं नुकसान वजनाच्या चौथ्या घाताच्या हिशोबानं वाढतं, म्हणजे वजन एक तृतीयांश वाढलं तर झीज तिप्पट होते. तुमचा ग्रामीण मार्ग असल्या गाड्यांसाठी बांधलेलाच नाही. म्हणून अट "रस्ता दुरुस्त करावा" अशी लिहू नका, वजनकाटा बसवा आणि पावतीशिवाय गाडी गेटबाहेर नाही अशी लिहा.

पैशाबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे पण ते शासनाचं, तुमच्या खात्यात येत नाही. त्याच्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा १० टक्के वेगळा भरतात, म्हणजे ब्रासला ६० रुपये, आणि हा पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे. मागावा लागतो, प्रस्ताव करून, पाठपुरावा करून. तुमच्या गावानं आजपर्यंत किती प्रस्ताव पाठवले? मला वाटतं शून्य. खाणवाल्यानं जत्रेला दिलेले पन्नास हजार सगळ्यांच्या लक्षात असतात आणि हे साठ रुपये कोणाच्याच नाही.

आता प्लॉटिंगवाला. तो गोड बोलतो म्हणून त्याला सोपं समजू नका. ५०० चौरस मीटरच्या वर क्षेत्र असेल तर महारेरा नोंदणी लागते, सहा एकर म्हणजे प्रश्नच नाही. मंजूर लेआउट लागतो, त्यात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. मंजूर नकाशा आणि रेरा नंबर दाखवल्याशिवाय ना हरकत पण नाही आणि नंतर नमुना ८ ला घराची नोंद पण नाही, हे ठरावात लिहा. लोकांना वाटतं नमुना ८ म्हणजे मालकी, ती फक्त कर आकारणीची वही आहे, पण तिच्याच जिवावर अर्धा गुंठा विकला जातो. आणि एक अट मी आवर्जून घालतो, बाजूला चालू दगडखाण आहे, अंतर इतकं, सुरुंगाची वेळ अमुक, हे जाहिरातीत आणि प्रत्येक खरेदीखतात लिहायचं. तो तयार होणार नाही. तेव्हा तुम्हाला कळेल की तो गिऱ्हाइकाला काय सांगत होता.

घरकुलाचा विषय मात्र या दोघांच्या आधी घ्या, खरंच. होतं काय, चांगली जागा प्लॉटिंगला जाते, डोंगर खाणीला जातो आणि घरकुलवाल्यांना खाणीच्या कडेचा तुकडा दाखवतात, "फुकट मिळतंय ना". १ लाख २० हजारातलं २६९ चौरस फुटाचं घर, त्याला पहिला हादरा बसणार. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, गावठाण विस्ताराचा प्रस्ताव पण टाकता येतो, गायरानाचं मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर अवघड झालंय, त्यावर वर्ष घालवू नका. आणि खाणीवर राहणारी वडार आणि बाहेरून आलेली कुटुंबं, ती तर मतदार यादीत पण नसतात, सगळ्यात जवळ राहतात तीच. वाघोलीला संतुलन संस्थेनं त्यांच्या पोरांसाठी खाणीवरच पाषाण शाळा चालवल्या, तुमच्या खाणीवर किती पोरं आहेत हे अंगणवाडी सेविकेला विचारा, तिला नक्की माहीत असेल.

तुमच्या जागी मी काय केलं असतं विचारलंत तर, गावाकडची वाढ नाकारली असती, आहे त्या पट्ट्यात मंजूर मायनिंग प्लॅनप्रमाणे टप्पे पाडून काम करायला आणि डोंगराकडे अर्ज करायला हरकत नाही म्हटलं असतं, तेही तीन वर्षांपुरतं आणि खड्ड्याला कुंपण घालून तो गावाच्या पाणी साठवणीला देण्याच्या अटीवर. प्लॉटिंगमधला खाणीकडचा दोन एकराचा पट्टा खाण बंद होईपर्यंत मोकळा ठेवायला लावला असता, झाडं लावा म्हटलं असतं. दोघंही नाराज होतील, पण दोघांचाही धंदा बुडत नाही.

ठरावात गट नंबर, क्षेत्र, मुदत, सुरुंगाची वेळ, अट मोडली तर ना हरकत आपोआप रद्द, आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ आणि पीएमआरडीए तिघांना, हे सगळं हवं. ज्या सदस्याचे डंपर तिथं चालतात आणि ज्याच्या मेव्हण्याची ती सहा एकर आहे, दोघांनाही त्या विषयापुरतं बाजूला बसायची विनंती करा आणि विनंती केली हे इतिवृत्तात लिहा. आधी महिला ग्रामसभा घ्या, ती घ्यायचीच असते, आणि विहिरीचं आणि धुळीचं खरं बोलणं तिथंच होतं, चावडीवर नाही. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते, आणि कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला पुढं कोरम लागत नाही, हे खाणवाल्याला पण माहितीये. म्हणून पहिल्याच सभेला माणसं आणा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला या आठवड्यातच टाका, तिथं नंबर लागायला वेळ लागतो, आणि नकाशा टेबलावर येत नाही तोवर हे दोन्ही विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब, एवढा एकच ठराव यावेळी घ्या.